लिबरल आर्ट्स कॉलेजची गुणवत्ता शिष्यवृत्ती: कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापुरात दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलामुलींपुढे घरचे आणि शिक्षक बहुधा दोनच वाटा ठेवतात, एक जेईईची आणि दुसरी नीटची. ज्याला भौतिकशास्त्राबरोबर इतिहासही शिकायचा आहे किंवा जिला अर्थशास्त्र आणि संगीत यांपैकी काहीच सोडवत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतील खासगी लिबरल आर्ट्स कॉलेज ही तिसरी वाट आहे. ही कॉलेजे लहान असतात, बहुतेकांत एक ते तीन हजार विद्यार्थी आणि तेही जवळजवळ सगळे पदवीचे. वर्ग प्राध्यापक स्वतः घेतात आणि मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. अडचण खर्चाची आहे. शिक्षण शुल्क, निवास आणि भोजन धरून यांपैकी अनेक कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि तो भरू शकणारी घरे आपल्याकडे फार थोडी आहेत. म्हणून गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी नेमके काय करायचे, हे अकरावीच्या सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

कॉलेजांची यादी हीच निम्मी स्पर्धा

पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांची आपल्याला सवय असते. तेथे प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते, गुणवत्ता यादी लागते आणि यादीत नाव आले की काम झाले. खासगी कॉलेजची गुणवत्ता शिष्यवृत्ती या पद्धतीने दिली जात नाही. जो विद्यार्थी एरवी दुसऱ्या कॉलेजात गेला असता त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी कॉलेज स्वतःच्या पैशातून ती देते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स आणि ॲम्हर्स्ट ही देशातील सर्वांत नावाजलेली लिबरल आर्ट्स कॉलेजे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यांना विद्यार्थी ओढून आणावे लागत नाहीत. त्यांची मदत कुटुंबाची गरज पाहून ठरते आणि ती पुष्कळ मोठी असू शकते. त्यामुळे ‘मला गुणवत्ता शिष्यवृत्ती हवी आहे’ असे म्हणत मानांकनातील पहिल्या दहा कॉलेजांना अर्ज करणारा विद्यार्थी बहुतेक वेळा जेथे ती वस्तूच नाही तेथे ती मागत असतो. ज्या कॉलेजच्या नेहमीच्या अर्जदारांमध्ये तुम्ही वरच्या गटात बसता, तेथे ती मिळण्याची शक्यता खरोखर असते.

या शिष्यवृत्त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वेगळा अर्ज लागत नाही. प्रवेशाचा अर्ज वाचतानाच समिती रक्कम ठरवते आणि प्रवेशपत्रात ती कळवते. ओहायोमधील वूस्टर आणि डेनिसन, इंडियानामधील डीपॉ अशा कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांनाही गुणवत्तेवर रक्कम मिळते, मात्र ती बहुधा शुल्काचा काही भाग भागवणारी असते. दुसऱ्या प्रकारात उघड चुरस असते. व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाची जॉन्सन शिष्यवृत्ती शिक्षण शुल्क, निवास आणि भोजन असा सगळा भार उचलते आणि ती प्रत्येक तुकडीतील सुमारे १० टक्के विद्यार्थ्यांना मिळते. त्याच राज्यातील रिचमंड विद्यापीठाची ‘रिचमंड स्कॉलर्स’ योजनाही शुल्कासह राहण्या-जेवण्याचा खर्च करते. येथे जादा निबंध, अंतिम फेरीची निवड आणि मुलाखत असे टप्पे असतात. या योजनांच्या अंतिम तारखा बहुधा नेहमीच्या प्रवेशाच्या तारखेपेक्षा आधी, म्हणजे अनेकदा डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा त्याहीपूर्वी येतात. जानेवारीची तारीख धरून बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून ही संधी अर्ज करण्याआधीच निसटते.

यादी करताना संकेतस्थळावरील हसऱ्या छायाचित्रांपेक्षा ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा कागद अधिक उपयोगी पडतो. बहुतेक कॉलेजे तो दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि कॉलेजच्या नावाबरोबर हे शब्द शोधले की तो सापडतो. त्यातील ‘सी ७’ या तक्त्यात प्रवेश देताना गुण, निबंध, शिफारस, मुलाखत आणि अर्जदाराने कॉलेजमध्ये दाखवलेला रस यांना किती महत्त्व दिले जाते हे असते. ‘एच २ ए’ मध्ये आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर मदत मिळाली आणि ती सरासरी किती होती हे कळते. आपल्यासाठी सर्वांत मोलाचा तक्ता ‘एच ६’ हा आहे, कारण त्यात परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते का, किती जणांना मिळाली आणि सरासरी किती, हे स्पष्ट आकड्यांत दिलेले असते. एखाद्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी दोनशे असतील आणि मदत मिळालेले केवळ पाच असतील, तर ते नाव यादीतून काढावे, मग त्याची कीर्ती कितीही असो. हे काम एका रविवारात होण्यासारखे नाही. मे महिन्याची सुट्टी त्यासाठी राखून ठेवावी आणि वही घालून प्रत्येक कॉलेजसाठी हे आकडे लिहून काढावेत.

यादी आठ ते दहा कॉलेजांची पुरे. त्यातली दोन-तीन पूर्ण खर्च देणाऱ्या चुरशीच्या योजनांची असावीत आणि उरलेली अशी असावीत जेथे तुमची तयारी सरासरीपेक्षा ठळकपणे वरची आहे. ‘अर्ली डिसिजन’ या मार्गाने अर्ज करणे मला शिष्यवृत्तीच्या दृष्टीने अयोग्य वाटते, कारण तो बांधील असतो: प्रवेश मिळाला की तेथेच जाण्याचे वचन तुम्ही आधीच दिलेले असते, आणि मग चार प्रस्ताव समोर ठेवून तुलना करता येत नाही. लवकर अर्ज करण्याच्या ‘अर्ली ॲक्शन’ या दुसऱ्या मार्गाला असे बंधन नसते, म्हणून जेथे तो पर्याय असेल तेथे तो घ्यावा.

गुणपत्रिका त्यांना कळेल अशी पाठवावी

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला एक भीती नेहमी वाटते, की आपले ८२ टक्के दुसऱ्या मंडळाच्या ९६ टक्क्यांपुढे फिके पडतील. ही भीती अनाठायी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. अर्जासोबत ज्युनिअर कॉलेजकडून एक माहितीपत्रक जाते, ज्यात कॉलेजची ओळख, शिकवले जाणारे विषय आणि गुणांची विभागणी द्यायची असते. शाखेत किती विद्यार्थी होते, त्यांपैकी किती जणांना ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळाले आणि हा विद्यार्थी त्यांत कितवा, एवढी माहिती प्राचार्यांच्या सहीने गेली तर ८२ चा अर्थ समितीला कळतो. आपल्याकडील अनेक ज्युनिअर कॉलेजांना असे पत्रक पूर्वी करावे लागलेले नसते. म्हणून विद्यार्थ्यानेच नमुना तयार करून, कार्यालयाला घाई होणार नाही अशा बेताने, बारावीच्या जून-जुलैमध्ये तो नम्रपणे पुढे ठेवावा. नववी ते अकरावीच्या गुणपत्रिका आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुणही लागतात.

अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी सॅट परीक्षा अनेक कॉलेजांत ऐच्छिक आहे. तरीही राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ती द्यावी असे माझे मत आहे, कारण १६०० पैकी मिळालेला चांगला गुणांक ही अशी एकमेव मोजपट्टी आहे जी समिती इतर अर्जदारांसाठीही वापरते. गुणांक त्या कॉलेजच्या नेहमीच्या पातळीपेक्षा कमी आला तर तो पाठवू नये, इतके सोपे आहे. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी काय चालते ते प्रत्येक कॉलेजचे पाहून घ्यावे.

प्रमाणपत्रांची फाइल आणि प्रत्यक्ष काम

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील हुशार विद्यार्थी बहुधा याच ठिकाणी मागे पडतात. वक्तृत्व, रंगभरण, सामान्यज्ञान, एनएसएसचे शिबिर अशी तीस प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावलेली असतात आणि ती सगळी स्कॅन करून पाठवावीत असे वाटते. कॉमन ॲप या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहाच जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरचिन्हे. सन्मानांसाठी पाच जागा. फाइल कुणी मागत नाही. समिती शोधत असते ती दोन-तीन वर्षे टिकून केलेली एखादी गोष्ट, जिच्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे डोके दिसते.

अशा गोष्टी कोल्हापुरात शोधायला लांब जावे लागत नाही. समजा एखादी विद्यार्थिनी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीची रोजची नोंद ठेवते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते, आणि २०१९ व २०२१ चे महापूर तर सर्वांनी भोगले आहेत. तिने या नोंदी राधानगरी धरणातील विसर्गाच्या जाहीर आकड्यांशी ताडून पाहिल्या, पाणी वाढायला किती तास लागतात याचा अंदाज बांधला आणि तो आपल्या गल्लीतील लोकांना सोप्या भाषेत रोज कळवला, तर त्यात गणित आहे, भूगोल आहे आणि समाजाशी नाते आहे. लिबरल आर्ट्स कॉलेजला नेमके हेच हवे असते. शिरोली किंवा उद्यमनगरातील वडिलांच्या फाउंड्रीत सुट्टीत काम करून सदोष कास्टिंगची कारणे वहीत नोंदवणारा मुलगा, हुपरीच्या चांदी कारागिरांच्या मजुरीचा हिशेब समजून घेणारी मुलगी, पेठेच्या फुटबॉल संघाचे सामने तीन हंगाम आकडेवारीसह टिपणारा खेळाडू, यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. घरची जबाबदारी हासुद्धा उपक्रमच आहे: पहाटे धार काढून दूध संस्थेत घालणे, आजारी आजीची काळजी घेणे, दुकानाचा हिशेब पाहणे हे अर्जात लिहायला लाजू नये. अर्जाच्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकारच दिलेला आहे.

मात्र शिष्यवृत्तीसाठी म्हणून बारावीत घाईघाईने स्थापन केलेली ‘संस्था’, एका दिवसाचे वृक्षारोपण आणि त्याचे वर्तमानपत्रातील छायाचित्र यांचा उपयोग होत नाही. वर्षानुवर्षे असे अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते लगेच ओळखू येतात.

निबंध

मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे आणि चुरशीच्या शिष्यवृत्त्यांना त्याशिवाय वेगळे निबंध लागतात. आपल्या शाळांत निबंध म्हणजे सुभाषिताने सुरुवात, मध्ये थोर पुरुषांचे दाखले आणि शेवटी देशाला संदेश असा साचा बसलेला असतो. तो येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो. वाचणाऱ्याला तुमचा विषय किती उदात्त आहे हे जाणून घ्यायचे नसते. तुम्ही एखाद्या प्रश्नाशी कसे झगडता, मत कशामुळे बदलता, न समजलेल्या गोष्टीचे काय करता, हे पाहायचे असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून उभारलेल्या वसतिगृहांपैकी एखाद्यात राहून शिकणारा विद्यार्थी महाराजांचे चरित्र सांगू लागला तर निबंध महाराजांचा होतो. त्याऐवजी त्याने त्याच वसतिगृहातील खानावळीच्या खर्चाची वाटणी कशी ठरते, तिच्यावरून वाद कसे होतात आणि त्याने त्यात काय केले हे लिहिले, तर निबंध त्याचा स्वतःचा होतो.

पहिला खर्डा मराठीत लिहावा, असे मी आग्रहाने सांगेन. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत लिहिताना जड शब्दांचा मोह होतो आणि त्याखाली खरा प्रसंग दडपला जातो. मराठीत मनासारखे उतरल्यावर तो कागद मिटून ठेवावा आणि इंग्रजीत नव्याने, साध्या वाक्यांत लिहावे. शिक्षकाने व्याकरण तपासावे. वाक्ये बदलून देऊ नयेत. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांपासून आणि संगणकाकडून तयार मजकूर घेण्यापासून दूर राहावे, कारण मुलाखतीत तोच मजकूर पुढे ठेवून प्रश्न विचारले जातात, आणि कॉमन ॲपमध्ये हे लेखन माझेच आहे असे लिहून द्यावे लागते.

शिफारसपत्र आणि मुलाखत

‘हा विद्यार्थी हुशार, नम्र व आज्ञाधारक आहे, त्याला शुभेच्छा’ अशा चार ओळींच्या पत्राने काही साधत नाही. शिक्षकांना एक पानी टिपण द्यावे, ज्यात त्यांच्या तासाला घडलेले एक-दोन प्रसंग, विचारलेला प्रश्न, केलेला प्रकल्प यांची आठवण असेल. कोणते प्रसंग लिहायचे हे त्यांनीच ठरवावे. यामुळे आणखी एक गोष्ट ओघाने येते. अकरावी-बारावीला कॉलेजात फक्त नाव घालून दिवसभर खासगी क्लासमध्ये बसणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखणारा शिक्षकच उरत नाही. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने असे करू नये. नियमित कॉलेजला जावे, प्रयोगशाळेत थांबावे, किमान दोन शिक्षकांशी विषयाबद्दल खरे बोलणे होईल इतके जवळ राहावे.

अंतिम फेरीच्या मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या बारावीच्या परीक्षेच्या काळात येतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्या बहुधा व्हिडिओ कॉलवर होतात, आणि परीक्षेचे वेळापत्रक आधी कळवले तर वेळ बदलून मिळू शकते. म्हणून मंडळाचे वेळापत्रक जाहीर झाले की त्याच आठवड्यात पत्र पाठवावे. तयारी म्हणजे उत्तरे पाठ करणे नव्हे. घरातील किंवा ओळखीतील कुणाला तरी आपला अर्ज वाचायला द्यावा आणि प्रत्येक ओळीवर ‘का?’ असे विचारायला सांगावे. अंतिम फेरीत सगळेच हुशार असतात; तेथे समिती पाहते की हा विद्यार्थी दुसऱ्याचे ऐकतो का, मतभेद शांतपणे मांडतो का आणि आमच्या लहान कॉलेजात काय भर घालील. कॉलेजच्या एखाद्या प्राध्यापकाचे काम, एखादा अभ्यासक्रम नावानिशी माहीत असावा आणि त्यावर एक खरा प्रश्न तयार असावा.

पैशाचा हिशेब

निव्वळ गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण उरलेल्या रकमेसाठी गरजेवर आधारित मदत मागायची असेल तर सीएसएस प्रोफाइलसारखा, कुटुंबाची आर्थिक माहिती देणारा अर्ज भरावा लागतो. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न येथे समजावून सांगावे लागते: साखर कारखान्याची ऊसबिले, दूध संस्थेची बिले, सातबारा, तहसीलदारांचा दाखला आणि विवरणपत्र भरत असल्यास त्याच्या प्रती इंग्रजी अनुवादासह एकत्र कराव्यात, आणि सोबत एका पानात वर्षाची आवक-जावक लिहावी. अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याची मदतीची मागणी प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतली जाते. शिवाय पहिल्या वर्षी जी मागितली नाही ती मदत पुढे सहसा मिळत नाही. म्हणून कुटुंब वर्षाला खरोखर किती देऊ शकते हा आकडा आई-वडिलांनी बसून, कर्जाची मर्यादा धरून, आधीच ठरवावा.

प्रस्ताव हातात आल्यावर शिष्यवृत्तीच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. एका कॉलेजचा खर्च ८०,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती ३५,००० डॉलर असेल तर वर्षाला ४५,००० उरतात, म्हणजे चार वर्षांचे १,८०,००० डॉलर. दुसऱ्याचा खर्च ६५,००० आणि शिष्यवृत्ती ३०,००० असेल तर रक्कम लहान असूनही ते वर्षाला १०,००० डॉलरने स्वस्त पडते. शुल्क दरवर्षी वाढते, शिष्यवृत्तीची रक्कम मात्र बहुधा चारही वर्षे तीच राहते, हा फरकही हिशेबात धरावा. पुढील वर्षी ती चालू राहण्यासाठी किती जीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो, एखादे सत्र घसरल्यास सुधारायला संधी मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. निवास-भोजनासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या भागावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला अमेरिकेत साधारणपणे १४ टक्के कर लागतो. शिक्षण शुल्क आणि आवश्यक पुस्तकांच्या भागावर तो लागत नाही. कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण त्या कमाईतून शुल्क भागेल असे गृहीत धरू नये. तिच्यातून हातखर्च निघतो.

परदेशाचा हिशेब जमत नसेल तर याच धर्तीचे शिक्षण जवळही आहे. पुण्याजवळ लवळे येथील फ्लेम विद्यापीठात गुणवत्तेवरील शिष्यवृत्ती आहे, तर सोनीपतचे अशोका आणि बेंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ यांची मदत प्रामुख्याने कौटुंबिक उत्पन्न पाहून ठरते. वर सांगितलेली निबंधाची आणि मुलाखतीची तयारी तेथेही तशीच्या तशी उपयोगी पडते, म्हणून एक-दोन अर्ज तेथे अवश्य करावेत. सल्ल्यासाठी मोठी फी मागणाऱ्या एजंटकडे जाण्याआधी अमेरिकी सरकारच्या ‘एज्युकेशन यूएसए’ या सेवेचे मोफत मार्गदर्शन घ्यावे. यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानच्या मुंबईतील कार्यालयातून ते मिळते.

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो आणि बारावीचा निकाल अनेकदा त्यानंतर लागतो, त्यामुळे प्रवेश अंतिम गुणपत्रिकेच्या अटीवर असतो; परीक्षेत ढिलाई चालत नाही. एखाद्या आवडत्या कॉलेजची रक्कम थोडी कमी पडत असेल, तर एप्रिलमध्येच प्रवेश कार्यालयाला पत्र लिहून दुसऱ्या कॉलेजचा प्रस्ताव जोडावा आणि फेरविचाराची विनंती करावी. पत्र सभ्य आणि आकड्यांनिशी असले तर त्याचा कुणी राग मानत नाही, आणि कधी कधी रक्कम वाढतेही. होकार कळवताच पहिल्या वर्षाच्या उरलेल्या खर्चाचा पुरावा, म्हणजे बँकेचे पत्र किंवा कर्जमंजुरी, कॉलेजला पाठवावा लागतो, कारण त्याशिवाय आय-२० हे व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि आय-२० शिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाता येत नाही. त्याच दिवशी बाकीच्या कॉलेजांना नकार कळवावा, म्हणजे अडकून राहिलेली ती शिष्यवृत्ती प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला वेळेत देता येईल.